मदत हवी आहे : अमेरिकी इतिवृत्तातील 'टेबल' या क्रियापदाला मराठी शब्द

नमस्कार,

अमेरिकेतील एका मराठी मंडळाच्या कार्यकारिणीचे इंग्रजी इतिवृत्त मी तेथील ज्येष्ठ सभासदांसाठी मराठीत करून देतो. मागच्या इतिवृत्तात, वाचनालयाच्या जागेचा ठराव मे महिन्याच्या सभेपर्यंत 'टेबल' केला, असे वाक्य होते. आपल्या विधिमंडळात अहवाल पटलावर ठेवला जातो तेव्हा तो सभागृहापुढे येतो. तोच अर्थ मनात धरून मी 'ठराव सभेच्या पटलावर ठेवण्यात आला' असे लिहिले. त्यावर एका आजोबांनी, मग मतदान काय झाले, असे विचारले आणि मी मूळ वाक्य पुन्हा वाचले. ठराव पुढे ढकलला होता, आणि त्यातला 'पर्यंत' हा शब्द मी नजरेआड केला होता.

ब्रिटिश आणि भारतीय इंग्रजीत हे क्रियापद विषय चर्चेला घेण्यासाठी वापरतात, तर अमेरिकेत तो बाजूला ठेवण्यासाठी. दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात चर्चिल यांनी लिहिले आहे, की एका कागदाबाबत याच शब्दावरून ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांच्या लष्करी अधिकाऱ्यांत बराच कडवट वाद झाला आणि नंतर उमगले, की दोघांनाही तो कागद लगेच चर्चेला हवा होता.

माझी खरी अडचण अर्थाची नसून प्रतिशब्दाची आहे. अमेरिकी संस्था बहुधा हेन्री रॉबर्ट यांच्या 1876 साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या सभानियमांनुसार चालतात. त्यांत विषय तात्पुरता बाजूला ठेवणे, ठरावीक सभेपर्यंत पुढे ढकलणे आणि बेमुदत पुढे ढकलणे, म्हणजे व्यवहारात फेटाळणेच, हे तीन वेगळे प्रस्ताव आहेत. बोलण्यात मात्र तिन्हींना सर्रास 'टेबल' म्हटले जाते. आपल्या महापालिकांच्या कामकाजात 'विषय तहकूब ठेवला' आणि 'विषय दप्तरी दाखल केला' असे दोन प्रयोग रुळलेले आहेत. त्यांपैकी दुसऱ्याने विषय संपल्याचा अर्थ निघतो, म्हणून तो येथे चालणार नाही. 'तहकूब' मला जवळचा वाटतो, पण सभाही तहकूब होत असल्याने सभासदांना सभाच थांबली असे तर वाटणार नाही ना, अशी शंका येते.

तारीख दिलेली असेल तेथे 'मे महिन्याच्या सभेपर्यंत तहकूब ठेवला' हे पुरेसे आहे का? आणि तारीख नसताना, विषय संपलेला नाही, बहुमताने तो पुन्हा घेता येईल, एवढे सांगणारा कोणता शब्द आपण वापराल? सहकारी संस्थांची किंवा नगरपालिकांची इतिवृत्ते लिहिणाऱ्यांनी आपल्याकडची नेमकी वाक्यरचना दिल्यास फार उपयोग होईल, कारण दुरुस्त इतिवृत्त मला पुढील सभेपूर्वी सभासदांना पाठवायचे आहे.