विहिरीवरच्या उंबराखाली एवढं सगळं आलं कुठून?

माणदेशी:
नमस्कार मंडळी. आमचं शेत माण तालुक्यात. पाच एकर ज्वारी-बाजरी आणि मोठं झाड एकच, विहिरीच्या बांधावरचं उंबर. त्याच्या सावलीत पीक धरत नाही, म्हणून दोनेक गुंठ्यांत कुळव जातच नाही. यंदा दीर म्हणतायत, तणनाशक मारून साफ करू, उंदीर माजलेत.

फवारायच्या आधी बघून यावं म्हणून गेले आणि तासभर तिथंच बसले. नावानं ओळखता आली ती २३ निघाली. शतावरी, गुळवेल, भोकर, बोर, कडुनिंबाची वीतभर रोपं, गुंज, सीताफळ आणि खोडावर चढलेली वाघाटी. आषाढी बारशीला उपास सोडायला वाघाटी लागते म्हणून सासूबाई बाजारातून आणायच्या, ती आमच्याच बांधावर! त्याच बांधावर वीस पावलं पुढं तेवढ्याच जागेत मोजलं, तर आघाडा, टाकळा, गाजरगवत धरून सात.

यातलं काहीच आम्ही लावलेलं नाही. कुठून आलं? आणि समोरासमोर चकचकीत पानांचं एक गुडघाभर रोप आहे, ते चंदन असेल का?

रानवाट:
ताई, आधी तणनाशक थांबवा, बाकी नंतर बोलू.

तुमची यादी पुन्हा वाचा. बहुतेक सगळी गराची फळं. कोकीळ, बुलबुल, साळुंकी, तांबट उंबरं खायला येतात, पण येताना दुसरीकडचं खाल्लेलं पोटात असतं. उघड्या माळावर पाखरू बसणार कुठं? तुमच्या झाडावरच बसतं आणि बी तिथंच पडतं. रात्री वटवाघळं हेच करतात. पुढच्या बांधावरचा आघाडा मात्र लुगड्याला, शेळीच्या केसांना चिकटून फिरतो, त्याला झाड लागत नाही. हरियाल उंबरावर कितीही आले तरी या कामाचे नाहीत, त्यांच्या पोटात बारीक बिया भरडल्या जातात.

एक जुनी साडी फांदीखाली अंथरून ठेवा. दोन दिवसांनी बघा.

वनस्पतीशास्त्र_कोल्हापूर:
मेक्सिकोतल्या लॉस तुश्तलास भागात जंगल तोडून कुरणं केली, मधे मधे एखादं झाड राखलं. सेर्हिओ गेवारा आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात झाडाखाली, सावलीच्या कडेला आणि उघड्या गवतात अशा तीन जागा ताडून पाहिल्या. झाडाखाली जाती जास्त, आणि त्यातही पशुपक्ष्यांनी बी आणलेली झाडंझुडपं जास्त. तुम्ही वीस पावलांवर जे मोजलंत ते तेच आहे.

पाखरांबरोबरच सावलीचाही वाटा आहे. पालापाचोळ्याखाली ओल टिकते, रोप उन्हात होरपळत नाही. पण शेळ्या सावलीलाच बसतात आणि शेंडे खातात, त्यामुळे उगवतं पुष्कळ, वाढतं थोडं. बाभळीच्या काट्या लावून एक कोपरा तरी राखा.

आबा_खटाव:
सूनबाई, चंदनच असणार. त्याचं बी पाखरंच टाकतात. पण ते एकटं जगत नाही, त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांना धरून खातात. भोवतालचं साफ केलं तर तेही सुकेल. मोठं झालं की तलाठ्याकडून सातबाऱ्यावर नोंद करून घ्या.

घाणेरी दिसली तर मात्र मुळासकट उपटा. तीही पाखरंच आणतात, आणि एकदा माजली की खाली दुसरं काही येऊ देत नाही. उंदरांचं म्हणाल, तर झाडावर पिंगळा असेल, तो बघतो थोडंफार.

माणदेशी:
साडी दोन रात्री अंथरली. सकाळी पुतण्याला घेऊन बसले. जांभळ्या डागांत बारीक बियांचा चिकट थर, तो उंबराचाच. पण कडेला कडुनिंबाच्या चार निंबोळ्या, गर नसलेल्या, स्वच्छ. आणि एक गोल, वाटाण्याहून लहान, फिकट कवचाची बी. आबा, ती चंदनाची का? आमच्या रानात दुसरं चंदन नाही, म्हणजे कुणीतरी लांबून आणलीय.

दिरांना साडी दाखवली. बराच वेळ बघत राहिले. पंप परत ओसरीत ठेवलाय. घाणेरीची तीन रोपं निघाली, ती उपटली. काट्या रविवारी आणायच्या आहेत.