मदत हवी आहे: पाळणाघरातले शेंगदाणे सादळलेत, निवडून-भाजून मुलांना द्यावेत का?

वस्तीतलं_पाळणाघर
पर्वती पायथ्याच्या वस्तीत पाळणाघर आहे. 9 महिने ते 3 वर्षं वयाची 22 मुलं. खिमटात किंवा नाचणीच्या पेजेत दर मुलामागे रोज 10 ग्रॅम दाण्याचा कूट घालतो. जूनच्या सुरुवातीला 10 किलो दाणे भरले, त्यातले निम्मे उरलेत. पोतं जमिनीवर, पत्र्याच्या भिंतीला टेकून होतं. आता तळाचे दाणे मऊ पडलेत, कुबट वास येतोय आणि मूठभर दाण्यांत तीन-चारांवर हिरवट-पिवळी भुकटी दिसते. दुकानदार म्हणतो, ऊन दाखवा आणि खमंग भाजा, काही होत नाही. पाच किलो टाकून देणं परवडत नाही, पण मुलं लहान आहेत. भाजल्याने बुरशीचं विष जातं का? चांगले दाणे वेगळे काढले तर चालतील? कुठे तपासून मिळेल?

दाणागोटा
ताई, या पोत्यातला एकही दाणा मुलांच्या ताटात जाऊ देऊ नका. वरचे कोरडे दिसणारेसुद्धा नाही.

ती हिरवट-पिवळी भुकटी बहुधा ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी. तिच्यामुळे तयार होणारं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. भाजण्याने बुरशी मरते, विष मरत नाही. ते पूर्ण मोडायला 250 अंशांच्या आसपास किंवा जास्त उष्णता लागते. तेवढी दाण्याच्या आत पोचेपर्यंत त्याचा कोळसा होईल. नेहमीच्या भाजण्याने थोडं कमी होतं, बाकीचं तसंच राहतं. कुकरच्या शिट्ट्यांचाही उपयोग नाही. खमंग वासाने कुबटपणा तेवढा झाकला जातो, आणि धोका तिथेच आहे.

आता हिशेब बघा. खायला तयार दाण्यांसाठी आपल्याकडची मर्यादा किलोला 10 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे तुमच्या 5 किलोंत मिळून 50 मायक्रोग्रॅम. अर्ध्या ग्रॅमच्या एकाच दाण्यात ग्रॅममागे 100 मायक्रोग्रॅम विष असलं की तेवढ्याने मर्यादा गाठली जाते, आणि याहून कितीतरी विषारी दाणे संशोधनात नोंदलेले आहेत. विष पोत्यात सारखं पसरत नाही, मोजक्या दाण्यांत साठतं. म्हणून चांगल्या पोत्याला निवडण्याचा खूप फायदा होतो. वासावर गेलेल्या पोत्यात मात्र एखादा सुटतोच.

खलबत्ता
निवडायचं कसं, हे पुढच्या खरेदीसाठी सांगते. आख्खे दाणेच घ्या. टुकडी आणि तयार कूट स्वस्त पडतो, पण कुटात काय गेलंय ते डोळ्याला दिसत नाही, आणि फुटक्या दाण्यात बुरशी लवकर शिरते. सुपात पाखडून सुरकुतलेले, किडके, काळपट, मोड आलेले काढा. मग मंद आचेवर भाजून, गार करून साल चोळा. ज्याचं साल चिकटूनच राहतं तो बाजूला टाका. नंतर प्रत्येक दाणा डाळीसारखा दुभंगा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या दाण्याच्या दोन दलांमध्ये जी पोकळी असते, तिथे कधी कधी राखाडी किंवा पिवळट बुरा सापडतो. नुसत्या पाखडण्यात तो कधीच कळत नाही. रोजच्या 220 ग्रॅमला दोघी बसल्या तर उरकतं. तोंडाला फडकं बांधा. आणि चव घेताना कडू लागला तर थुंकून टाका.

भुसार_विभाग
साठवणीचं. पावसाळ्यात आठवड्यापुरतेच घ्या, तुमच्या हिशेबाने दीड किलो. झाकण घट्ट बसणारा पत्र्याचा डबा, खाली फळी, भिंतीपासून वीतभर लांब. डब्यात भरायच्या आधी दाणा दातांखाली कट्कन फुटला पाहिजे, चिवट लागला तर परत करा. ओला माल घट्ट डब्यात कोंडला तर आणखी वाईट.

बाटलीत कोरडं मीठ आणि दाणे हलवून मीठ काचेला चिकटतं का बघायचं, ही युक्ती बरेच जण सांगतात. ती मक्यासाठी आहे, साधारण 15 टक्क्यांच्या वरचा ओलावा त्यात कळतो. शेंगदाण्याला 7 टक्क्यांच्या आत लागतो, त्यामुळे इथे मीठ कोरडं राहिलं तरी निश्चिंत होऊ नका.

तपासणी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या अन्न प्रयोगशाळेत होते, पण या पोत्यावर तो खर्च करू नका. एका मुठीचा अहवाल स्वच्छ आला तरी पोतं स्वच्छ ठरत नाही. कधी तपासायचंच झालं तर वर, मध्ये, तळाला, अनेक ठिकाणचे दाणे घेऊन, सगळे एकत्र दळून मग त्यातला नमुना द्यायचा.

बालआहार
मुलांविषयी. थोडं थोडं, रोज पोटात गेलं तर लगेच काही दिसत नाही, हीच अडचण. अफ्लाटॉक्सिनमुळे यकृताचा कर्करोग होतो हे सिद्ध आहे, आणि हिपॅटायटिस बी असेल तर धोका अनेक पटींनी वाढतो. म्हणून प्रत्येक मुलाच्या लसीकरण कार्डावर ती लस झाली आहे का ते आजच बघा, सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. वाढ खुंटण्याशीही संबंध आढळलाय, नेमकं कारण म्हणून तो अजून पक्का झालेला नाही. दर महिन्याची वजन-उंचीची नोंद मात्र चुकवू नका. डोळे पिवळे, लघवी गडद, पोट फुगलेलं, सतत उलट्या असं दिसलं तर थेट रुग्णालयात. विष उतरवणारं औषध किंवा काढा नाही, कुणी विकत असेल तर घेऊ नका.

या विषाचा संशय आपल्याकडे जुना आहे. लहान मुलांच्या यकृताच्या एका जीवघेण्या आजारामागे आधी बुरशीच्या दाण्यांकडे बोट दाखवलं गेलं. पुढे 1983 मध्ये पुण्यातल्या शीला भावे, आनंद पंडित आणि ब्रिटनचे स्टुअर्ट टॅनर यांनी पितळी भांड्यात तापवलेल्या दुधातल्या तांब्याचा संबंध मांडला. तेव्हा मूल आजारी पडलं की लगेच दाण्यांवर शिक्का मारू नका, डॉक्टरांना दोन्ही सांगा.

सध्या कुटाऐवजी पंढरपुरी डाळ्याचं पीठ 10 ग्रॅम आणि अर्धा चमचा रिफाइंड तेल घाला, ऊर्जा भरून निघेल. डाळंही कोरडंच हवं. आईचं दूध थांबवू नका.

वस्तीतलं_पाळणाघर
डाळं आजपासून सुरू करते. शेजारी शेळ्या आहेत, पोतं मागताहेत. देऊ?

दाणागोटा
नको. विष बदलून दुधात उतरतं, आणि दूध उकळून ते जात नाही. तेच दूध वस्तीतली मुलं पितील. दाणे ओले करून मातीत खोल पुरा. कचऱ्याजवळ ठेवलेत तर कुणीतरी वेचून नेईल. आणि ते पोतं पुन्हा धान्याला वापरू नका.