गालाचा कॅन्सर, केशरी कार्ड, कोरडवाहू शेती: पैशाची सोय कशी लावावी?

गावकरी_आर्णी
आमच्या गावातल्या एका शेतकऱ्याला, वय ५२, गालाचा कॅन्सर निघाला. बायोप्सीचा रिपोर्ट हातात आहे. आधी ऑपरेशन, मग ३० शेक (रेडिएशन), असं डॉक्टर म्हणतात. चार एकर कोरडवाहू, केशरी राशन कार्ड. नागपूरच्या एका खाजगी दवाखान्यानं ॲडव्हान्स मागितला आणि घरचे बैलजोडी काढायला निघाले. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे बसते का? का थेट मुंबईला टाटाला न्यावं? कमावणारं घरात दुसरं कोणी नाही, त्याचंही सांगा.

योजना_मदत_वर्धा
भाऊ, बैलजोडी विकू देऊ नका अन् ॲडव्हान्सही भरू देऊ नका. ही योजना कॅशलेस आहे. आधी रोख भरून नंतर परत मिळवू, या भरवशावर राहू नका.

२०२४ पासून महात्मा फुले आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत. पिवळं, केशरी, पांढरं, सगळी कार्डं चालतात. पण "आमचा दवाखाना योजनेत आहे" एवढ्यावर विश्वास ठेवू नका. कॅन्सरच्या ऑपरेशनसाठी आहे का आणि शेकासाठी आहे का, हे दोन्ही वेगवेगळं विचारा. काही दवाखाने फक्त हाडं किंवा किडनीसाठी योजनेत असतात. तुमच्याकडून सेवाग्राम आणि सावंगी मेघे नागपूरपेक्षा जवळ पडतात. नागपुरात सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना आणि राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे.

तिथं आरोग्यमित्राच्या (दवाखान्यात बसणारा योजनेचा माणूस) टेबलावर राशन कार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट द्या. तो नोंद करतो, मग दवाखाना मंजुरीसाठी केस पाठवतो. मंजुरी येण्याआधी बाहेरून केलेल्या तपासण्यांचा खर्च बहुतेक वेळा घरच्यांच्याच अंगावर पडतो, म्हणून आधी आरोग्यमित्र, मग स्कॅन. ऑपरेशनची मंजुरी शेकाला चालत नाही, त्याची वेगळी लागते. ऑपरेशननंतर सुट्टी होतानाच शेकाच्या कागदांचं विचारून ठेवा.

गाडी अडते ती नावावर. राशन कार्डावर रामभाऊ आणि आधारवर रामचंद्र असलं की केस लटकते. कार्डाचा १२ अंकी ऑनलाइन नंबर आणि त्यात पेशंटचं नाव आहे का, हे राशन दुकानात आजच पाहून घ्या. नसेल तर तहसीलचा पुरवठा विभाग. मंजुरीनंतर कोणी बाहेरून औषध आणायला लावलं तर पेशंट भरती असतानाच १५५३८८ वर तक्रार करा. सुट्टी झाल्यावर तिचा जोर राहत नाही.

सेतू_कागदपत्र
एक माणूस दवाखान्यात धावेल तेव्हा दुसऱ्यानं तहसील धरावी. तलाठ्याचा अहवाल घेऊन चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला काढा. मार्चअखेर असेल तर ३१ तारखेनंतर नवीन लागेल, हे ध्यानात ठेवा.

घरखर्चासाठी संजय गांधी निराधार योजना आहे. कॅन्सर त्यात बसतो, महिन्याला १,५०० रुपये, वय ६५ च्या आत. अट कडक आहे: दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव, नाहीतर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० पर्यंत. दोन्ही नसेल तर या अर्जात दिवस घालवू नका. बसत असेल तर सरकारी दवाखान्याचं आजाराचं प्रमाणपत्र आणि आधार जोडलेलं बँक खातं लागतं.

मुख्यमंत्री सहाय्यता निधी हा महात्मा फुले योजनेत न बसणाऱ्या उपचारासाठीच. उत्पन्न १.६० लाखाच्या आत, डॉक्टरांचं खर्चाचं अंदाजपत्रक, भरती असल्यास जिओ टॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो. पैसा दवाखान्याच्या खात्यात जातो, झालेल्या खर्चासाठी मिळत नाही. दवाखाना निधीच्या यादीत नसेल तर अर्ज तिथंच संपतो.

योजनेच्या दवाखान्यात तारीख फार लांबची मिळाली तर धर्मादाय दवाखाना पाहा. तिथं १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. उत्पन्नाचा दाखला तोच चालतो.

टाटा_मार्गदर्शन
गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि शेक विदर्भात होतात. ३० शेक म्हणजे आठवड्याचे पाच धरून सहा आठवडे मुंबईत राहणं आलं. औषध फुकट मिळालं तरी राहण्या-खाण्यातच घर बसतं. इथल्या डॉक्टरांनीच पाठवलं, किंवा दुसरं मत हवं असेल, तरच जा. जाताना बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक लॅबमधून मागून घ्या, नुसता रिपोर्ट पुरत नाही.

रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सूट, सोबतच्या एकाला ७५ टक्के. फॉर्मवर दवाखान्याची सही-शिक्का घ्या. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. दवाखान्याचं पत्र आणि फाइल सोबत असू द्या.

गावकरी_आर्णी
ताई/दादा, ब्लॉक म्हणजे नेमकं काय?

टाटा_मार्गदर्शन
बायोप्सीत काढलेला मांसाचा तुकडा मेणात बसवलेला असतो, बोटाच्या पेराएवढा ठोकळा. लॅबला लेखी अर्ज द्या, पेशंटचा आधार दाखवा, आणि ठोकळ्यावरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळवूनच सही करा. उन्हाळ्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण मऊ पडतं. स्लाइड काचेच्या असतात, त्या पेटीतच राहू द्या. सेवाग्रामला किंवा सावंगीला गेलात तरी दोन्ही सोबत न्या, पुन्हा बायोप्सी करायची वेळ टळते.