थडग्यावर ‘बॅरोनेटचा तिसरा मुलगा’ कोरलंय, वंशावळ पडताळायची कशी?

शोधयात्री:
मुंबई लष्करातल्या एका इंग्रज कॅप्टनच्या थडग्यावर नाव, 1826 हे साल आणि ‘सर तमुक, बॅरोनेट (म्हणजे वंशपरंपरेचा ‘सर’) यांचा तिसरा मुलगा’ एवढंच आहे. ‘बर्क्स पीअरेज’ या ब्रिटिश किताबदार घराण्यांच्या वंशावळींच्या ग्रंथाच्या जुन्या आवृत्तीत घराणं सापडलं. तिथे या मुलापुढे नुसतं ‘डी.एस.पी.’, आणि मूळपुरुष थेट 1066 मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन विल्यमबरोबर आलेला! यातलं किती धरायचं? लंडनला जाणं जमणार नाही.

जुनी_दफ्तरं:
‘बर्क’कडे आपल्याकडच्या कुलवृत्तांतासारखं बघा. 1826 पासून निघणाऱ्या या ग्रंथात बरीच माहिती घराण्यांनीच पुरवलेली. शेवटच्या दोन-तीन पिढ्या बहुधा बरोबर असतात, मागे जाल तसतसा मुलामा वाढतो. म्हणून मूळपुरुष राहू द्या, कॅप्टनपासून मागे चला.

कंपनीच्या लष्करात भरती होताना कॅडेटला बाप्तिस्म्याचा दाखला जोडावा लागे. हे कागद ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या एल/एमआयएल/9 मालिकेत आहेत, आणि त्या दाखल्यावर आईबापांची नावं व गाव मिळतं. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं एन/3 मध्ये. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या घराण्यांचा शोध घेणाऱ्या ‘फिबिस’ या संस्थेची सूची फुकट शोधता येते. बऱ्याच कागदांच्या प्रतिमा फाइंडमायपास्ट या वेबसाइटवर पैसे भरून दिसतात.

‘डी.एस.पी.’ म्हणजे निपुत्रिक वारला. ‘डी.व्ही.पी.’ म्हणजे बाप हयात असताना वारला. पण हिंदुस्थानात गेलेल्या धाकट्या मुलापुढचं ‘डी.एस.पी.’ म्हणजे पुष्कळदा ‘आम्हाला काही कळलं नाही’ एवढंच. लग्नाविना झालेली मुलं, विशेषतः इथल्या बाईपासूनची, ‘बर्क’मध्ये सहसा येत नाहीत. मृत्युपत्रात मात्र ‘माझं नैसर्गिक अपत्य’ म्हणून त्यांना पैसे ठेवलेले सापडतात. त्यामुळे मृत्युपत्र आधी काढा. इथे सिद्ध झालेल्यांच्या नकला एल/एजी/34/29 मध्ये. इंग्लंडात मालमत्ता असेल तर कँटरबरीच्या कोर्टाची नक्कल नॅशनल आर्काइव्ह्जच्या प्रॉब 11 मध्ये, ती घरबसल्या उतरवून घेता येते. तिच्यावरची तारीख मृत्यूची नसते, मृत्युपत्र सिद्ध झाल्याची असते. माणूस इकडे वारला असेल तर मध्ये वर्ष-दोन वर्षं सहज जातात.

शोधयात्री:
आभार. एक घोळ आहे. कॅप्टनच्या पणजोबांचं लग्न चर्चच्या रजिस्टरात 20 एप्रिल 1738 ला, आणि थोरल्याचा बाप्तिस्मा 12 फेब्रुवारी 1738 ला. मूल लग्नाआधीचं?

तारीखवार:
नाही. 1752 पूर्वी इंग्लंडात नवं वर्ष 25 मार्चला लागायचं. रजिस्टरची पानं चाळा, डिसेंबर 1738 नंतर ‘जानेवारी 1738’ येईल. म्हणजे बाप्तिस्मा आपल्या हिशेबाने 1739 चा, लग्नानंतर जवळजवळ दहा महिन्यांनी. टिपताना 1738/9 असंच लिहा, नाहीतर पुढचा कुणीतरी वारसालाच अनौरस ठरवेल. घराणं स्कॉटिश असेल तर हा नियम लावू नका, तिकडे 1600 पासूनच 1 जानेवारी.

आता नॉर्मन पूर्वज. चर्चची रजिस्टरं 1538 पासून, तीही सगळीकडे टिकलेली नाहीत, आणि 1640 च्या दशकातल्या यादवीत मोठी खिंडारं आहेत. त्याआधीसाठी जहागीरदार मेल्यावर सरकार जी चौकशी करी, ते ‘इन्क्विझिशन पोस्ट मॉर्टेम’ बघा. त्यात जमीन, मृत्यूची तारीख, वारसाचं नाव आणि वय असतं. हेराल्ड, म्हणजे घराण्यांची मानचिन्हं नोंदवणारे राजाचे अधिकारी, 1530 ते 1688 च्या दरम्यान परगण्यापरगण्यांत फिरून वंशावळी नोंदवत. हार्लियन सोसायटीने त्या छापल्या, पण काही नकलांवरून, मागाहून घुसवलेल्या मजकुरासकट. मूळ नोंद हेराल्डांच्या लंडनमधल्या संस्थेत, कॉलेज ऑफ आर्म्समध्ये. आणि त्यातही आजोबापर्यंतची माहिती ठीक, त्यामागची ऐकीव. 1066 पर्यंत सलग पुरावा फार थोड्या घराण्यांकडे आहे.

किताबखाना:
किताबांत फसू नका. ‘सर’ दोन प्रकारचे: नाइटचा किताब त्याच्याबरोबर संपतो, बॅरोनेटचा (1611 पासून) वारसाकडे जातो. बार्टल फ्रियर मुंबईचे गव्हर्नर असताना नुसते नाइट होते, बॅरोनेट झाले 1876 मध्ये. मुंबईचे एल्फिन्स्टनही दोन. 1819 ते 1827 चे माउंटस्टुअर्ट हे अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचे धाकटे मुलगे, स्वतः कधीच लॉर्ड नव्हते. 1853 चे गव्हर्नर तेरावे लॉर्ड, म्हणजे त्यांचे पुतणे. मराठी लेखांतही ही गल्लत दिसते.

आडनावही बदलतं, आपल्याकडच्या दत्तकासारखं. असईच्या लढाईतल्या वेलस्लीचे आजोबा जन्माने कॉली. 1728 मध्ये वेस्ली नावाच्या नातलगाची मालमत्ता मिळाली, म्हणून वेस्ली झाले. नातवांच्या पिढीत त्याचं वेलस्ली झालं. तुमच्या घराण्याचा धागा मध्येच तुटला तर आईच्या माहेरचं आडनाव शोधा.

आणि कोकेनच्या ‘कम्प्लीट बॅरोनेटेज’मध्ये कॅप्टनची अपेक्षा ठेवू नका. त्यात किताब धारण करणाऱ्यांचीच परंपरा आहे. धाकटे भाऊ हवे असतील तर बापाच्या लग्नाचा करारनामा गाठा, पुढे होणाऱ्या धाकट्या मुलांच्या रकमा त्यातच ठरवून ठेवलेल्या असत. तो परगण्याच्या रेकॉर्ड ऑफिसात मिळतो. नॅशनल आर्काइव्ह्जच्या ‘डिस्कव्हरी’ सूचीत घराण्याऐवजी हवेलीचं नाव टाकून पाहा.