झेब्रावर आपण गाडी थांबवली तर मागचा येऊन धडकतो, मग थांबायचं का नाही?

विजापूररोडवाला

मंडळी, गेल्या मंगळवारचं सांगतो. सकाळी साडेनऊला ऑफिसला निघालो होतो, आपल्या सोलापुरात विजापूर रोडला एक झेब्रा आहे, तिथं सिग्नल नाही, पट्टे पण अर्धे पुसलेत. एक आजी हातात भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या, एक पाय रस्त्यावर टाकायच्या अन् परत मागं घ्यायच्या. माझी आई पण असंच करते, तिचे गुडघे गेलेत, त्यामुळं मला राहवलं नाही, मी ॲक्टिव्हा थांबवली आणि आजींना हातानं 'जावा' म्हणालो. त्या चार पावलं पुढं आल्या तेवढ्यात मागून एक बाईक माझ्या गाडीला धडकली, टेललाइट फुटली, आणि त्याच वेळी माझ्या उजव्या बाजूनं एक रिक्षा आजींच्या पुढून निघून गेली, हातभर अंतर असेल नसेल. बाईकवाला वर मलाच म्हणतो, 'काय बे, रस्त्याच्या मधी थांबतेत का!' आजी काही न बोलता मागं फिरल्या आणि परत तिथंच जाऊन उभ्या राहिल्या.

ते काही केल्या डोक्यातून जात नाहीये. मी हात केला नसता तर त्या पुढं आल्याच नसत्या. आता प्रश्न असा की झेब्रावर थांबणं बरोबर आहे का, आणि थांबायचं तर कसं थांबायचं? खरंच विचारतोय, कारण रोज त्याच रस्त्यानं जातो.

पार्कचौक_पायी

थांबलात ते बरोबरच केलं, त्यात शंका नको. सिग्नल नसलेल्या झेब्रावर पहिला हक्क चालणाऱ्याचा, हे काही आजचं नाही, १९८९ च्या नियमांत होतं आणि २०१७ ला नवे नियम आले त्यातही आहे. झेब्राजवळ गाडी लावायची पण नाही असं त्यात आहे, कारण उभ्या गाडीमागून येणारा माणूस दिसत नाही. पण आपल्याकडं लायसन काढताना एवढा एक प्रश्न बरोबर आला की संपलं, नंतर कुणाला आठवतंय. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. दर पाचातला एक जण. त्याच्याकडं ना हेल्मेट ना बेल्ट, तो नुसता चालत होता.

एसटीवाले_काका

बाळा, मी २९ वर्षं एसटी चालवली, आता रिटायर आहे. तुझं थांबणं चुकलं नाही, थांबण्याची पद्धत चुकली, ती सांगतो.

पहिली गोष्ट, झेब्रा दिसला की लांबूनच वेग सोडायचा. माणूस उभा आहे का नाही ते नंतर बघ. गाडी ५० च्या स्पीडनं असेल तर एका सेकंदात जवळपास १४ मीटर पुढं जाते, म्हणजे ब्रेकवर पाय जाईपर्यंतच ४५ फूट गेले की. ३० च्या स्पीडला तेच ८ मीटर. मागचा तुला धडकला तो याच्यामुळं, तो चिकटून येत होता ही त्याची चूक, पण तू अचानक थांबलास हे पण तेवढंच खरं. आधी आरसा बघायचा, मग ब्रेक दोन-तीन वेळा हलका दाबायचा म्हणजे मागचा लाइट उघडझाप करतो, अन् हात दाखवायचा. उजवा हात बाहेर, तळवा खाली, वरखाली हलवायचा, हा हळू होण्याचा जुना इशारा, आमच्या वेळी टेस्टला हमखास विचारायचे. ॲक्टिव्हावर उजवा हात काढला की ॲक्सिलरेटर आपोआप सुटतो आणि मागचा ब्रेक डाव्या हाताला असतोच, त्यामुळं जमतं, मात्र वेग आधीच कमी केलेला पाहिजे, नाहीतर तोल जाईल.

आता दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. हातानं 'जावा' म्हणायचं नाही. कधीच नाही. तू थांबलास, पण तुझ्या उजव्या बाजूनं येणारा थांबलाय का ते तुला माहीत नाही, आणि आजींना वाटतं हा म्हणतोय म्हणजे रस्ता मोकळा आहे. बससारखी मोठी गाडी थांबली तर ह्याच्यात जीव जातो, कारण बसच्या पुढून येणारा माणूस बाजूच्या बाईकवाल्याला दिसतच नाही. मी एकदा बस थांबवली, एक पोरगं पुढून पळत निघालं अन् उजवीकडून जीप आली. पोरगं वाचलं. त्या दिवसापासून कुणाला हात केला नाही, नुसतं थांबायचो, आरशात बघायचो, बाजूनं कुणी येत असलं तर हात आडवा धरून त्याला थांबवायचो. हात गाडीवाल्याला दाखवायचा, चालणाऱ्याला नाही.

चाटीगल्ली

सगळं मान्य, पण चालणाऱ्यांचं पण बोला की. माझं दुकान रस्त्याला लागून आहे, दिवसभर बघतो. झेब्रा तिकडं ठेवून डिव्हायडरवरून उड्या मारणारे, कानाला फोन लावून खाली बघत चालणारे, रस्त्याच्या मधोमध थांबून गप्पा मारणारे. गाडीवाल्यानं किती लोकांसाठी थांबायचं? परवा एक जण माझ्या टेम्पोपुढं अचानक आला, ब्रेक मारला तर मागचा सगळा माल पुढं आला.

शाळेची_आई

दादा, फोनचं तुमचं खरं आहे, मी माझ्या पोराला त्याच्यावरून रोज ओरडते. पण डिव्हायडरवरून उडी कोण मारतं तेही बघा. झेब्रा लांब, फुटपाथवर गाड्या आणि दुकानांचे बोर्ड, एप्रिल-मेच्या उन्हात डोक्यावर पदर घेऊन तेवढं लांब जाऊन परत यायचं, आणि तिथं गेलं तरी कुणी थांबत नाही. मग माणूस जवळचा रस्ता धरतो. आणि हेच आपले लोक उन्हाळ्यात सिग्नलला झाडाची सावली बघून पन्नास फूट मागं गाडी थांबवतात, म्हणजे थांबता येतं की. झेब्राच्या मागच्या पांढऱ्या रेषेवर थांबायला तर सावली पण लागत नाही.

मी काय करते ते सांगते. एकटी कधी ओलांडत नाही, आणखी दोन-तीन जण यायची वाट बघते, मग सगळे मिळून जातो. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत होम मैदानाजवळ बघा, माणसांचा लोंढा असला की सगळ्या गाड्या आपोआप हळू होतात. पोराला डाव्या-उजव्या हाताला धरायचं पण बदलते, अर्ध्या रस्त्यापर्यंत गाड्या उजवीकडून येतात तेव्हा मी त्या बाजूला, डिव्हायडरनंतर डावीकडं.

रस्ता_आखणारा

मी सिव्हिलवाला आहे, एकच भर घालतो. सिग्नलची वेळ काढताना चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. १४ मीटरचा रस्ता असेल तर १२ सेकंद झाले. पण गुडघे दुखणारी बाई ०.८ नं चालली तर तिला १७-१८ सेकंद लागतात, म्हणजे ती मधे असतानाच गाड्या सुटतात. आपण टायमरमध्ये ५ सेकंद राहिले की गाडी पुढं काढतो ना, ते सेकंद तिचे असतात. म्हणून मधला डिव्हायडर झेब्रापाशी कापून उभं राहायला जागा करायला पाहिजे, अर्धा रस्ता एकदा, अर्धा नंतर. तुमच्या भागात पट्टे पुसले असतील तर फोटो काढून आपले सरकार पोर्टलवर तक्रार टाका, नुसती इथं चर्चा करून पट्टे परत येणार नाहीत.

विजापूररोडवाला

सगळ्यांचे आभार. काका, तुमचं 'हात करायचा नाही' वाचून रात्री झोप लागली नाही, पण कळलं ते बरं झालं. काल पट्ट्यांचा फोटो काढून तक्रार टाकली. आज सकाळी त्याच झेब्रावर लांबूनच स्पीड कमी करत आलो, आरसा बघितला, उजवा हात दाखवला, मागचे दोघं खरंच हळू झाले, कॉलेजची तीन पोरं निघून गेली. हॉर्न वाजलाच पण धडकलं कुणी नाही. आजी दिसल्या नाहीत.

एक राहिलं, रात्री हाताचा इशारा दिसत नाही तेव्हा काय करायचं?

एसटीवाले_काका

रात्री सगळा भरवसा ब्रेकलाइटवर. ती फुटलेली टेललाइट आजच्या आज बदल, बाकीचं नंतर बोलू.