जुन्या शब्दकोशात आईचे शब्द सापडत नाहीत, शोध कसा घ्यावा?

वहीवाली (प्रश्न)

माझी आई ८१ वर्षांची आहे, माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. तिच्या बोलण्यातले शब्द मी दोन वर्षं एका वहीत उतरवून घेतेय. परवा ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "आधण आलंय, तांदूळ वैर गं." म्हणजे पाणी उकळलंय, तांदूळ टाक. मी लगेच मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात पाहायला बसले. छापील प्रत नाही, ऑनलाइनच बघते. 'वैर' टाकलं तर शत्रुत्व आलं. 'वैरणे' टाकलं तर काहीच नाही. 'गाडगे', 'मडके' यांचंही तेच. हे शब्द त्या कोशात नसतील हे पटत नाही. वहीतल्या ४३ शब्दांपैकी १७ असे अडकलेत. शोधायची काही वेगळी रीत आहे का?

शिशाचा_खिळा

ताई, शब्द तिथेच आहेत. तुम्ही आजच्या शुद्धलेखनात विचारताय आणि कोश जुन्या शुद्धलेखनातला आहे. मोल्सवर्थची पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची. तेव्हा नपुंसकलिंगी नामांच्या आणि क्रियापदांच्या शेवटी अनुस्वार देत: गाडगें, मडकें, करणें, वैरणें. उच्चारात न येणारे हे अनुस्वार १९६२च्या नियमांनी गेले. आपल्या डोळ्यांना ते एवढंसं टिंब, पण संगणकासाठी ते स्वतंत्र चिन्ह आहे. ते नसेल तर त्याच्या लेखी शब्दच वेगळा. तेव्हा 'वैरणें' असं टिंबासकट टाका. 'वासरू' शोधायचं तर 'वासरूं'. 'पाखरू' तर दोन टिंबांचं, 'पांखरूं'.

मी बावीस वर्षं मुद्रितं तपासतोय. जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या करताना रोज कोश उघडावा लागतो, म्हणून सवयीचं सांगतो. टिंब कुठे असेल याची खात्री नसेल तेव्हा पूर्ण शब्द टाकूच नका. 'वैरण' एवढंच टाका आणि 'या अक्षरांनी सुरू होणारे' असा पर्याय दिसला तर तो घ्या. आधी गुरांची वैरण येईल, पण तिथे थांबू नका, खाली पाहत जा. आईच्या तोंडून शब्द येतो तो वाक्यातला, आणि कोशात असतो तो सुटा. 'आधणात' नाही, 'आधण'. 'वैर' ही आज्ञा झाली, तिला 'णें' लावल्याशिवाय कोश ओळखणार नाही.

आणि ज्या शब्दाचं लेखनच ठाऊक नाही, त्याला उलटं धरा. मोल्सवर्थमध्ये अर्थ इंग्रजीत आहेत. शीर्षशब्दाऐवजी अर्थात शोधायची सोय असेल तर ती निवडा आणि ओढा, जातं, आधण यांचा इंग्रजी शब्द टाका. त्या अर्थाचे मराठी शब्द एकाखाली एक येतात. मला ही रीत उशिरा सुचली याची खरंच हळहळ वाटते. अक्षरांनी जे वर्षानुवर्षं सापडलं नव्हतं ते अर्थाने सापडलं.

कळफलक

वरच्यात एक भर. ओढ्याला तुमच्याकडे 'पऱ्ह्या' म्हणत असतील. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो. एकात साधा र, हलन्त आणि मधे न दिसणारं जोडचिन्ह. दुसऱ्यात नुक्ता (खालचं टिंब) असलेला ऱ आणि हलन्त. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, आत मात्र वेगळे. कोश टंकणाऱ्याने एक रीत वापरली असेल आणि तुमच्या फोनचा कळफलक दुसरी वापरत असेल तर शोध रिकामाच येणार. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून जे आणि मग डी केलं की दुसरा प्रकार मिळतो. पण सोपा उपाय म्हणजे त्याच साइटवरच्या एखाद्या नोंदीतून तसा जोडाक्षराचा शब्द उचलून शोधखिडकीत चिकटवायचा आणि बाकीची अक्षरं बदलायची. 'ॲ'चंही असंच आहे, ते एकसंध अक्षर असतं किंवा अ वर चंद्र.

शिशाचा_खिळा

हे फार महत्त्वाचं सांगितलंत. 'तऱ्हा', 'कोऱ्या' असे शब्द शोधताना मी यातच अडकायचो आणि दोष स्वतःच्या टंकनाला द्यायचो.

ताई, अजून एक विनंती. मोल्सवर्थमध्ये नाही मिळालं तर दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात बघा. त्याचा पहिला खंड १९३२चा, म्हणजे टिंबं तिथेही आहेत. त्यात अर्थ मराठीतून आहेत आणि बोलीतले शब्दही पुष्कळ घेतलेत. आणि वहीत शब्द आईच्या पूर्ण वाक्यासह लिहा. कोशात नुसता अर्थ मिळेल, "तांदूळ वैर गं" मिळणार नाही.

वहीवाली

'वैरणें' टाकलं आणि आलं! गाडगें, मडकें पण मिळाले. काल रात्री बसून १७ पैकी ११ झाले. 'पऱ्ह्या' चिकटवून मिळाला.

आईला सांगितलं की तुझा शब्द १८५७च्या पुस्तकात आहे. तिला त्याचं विशेष वाटलं नाही. म्हणाली, "जात्यातपण वैरतात. घास वैरायचा आणि खुंटा ओढायचा," आणि बसल्या जागी डाव्या हाताने मूठ सोडून दाखवली. तेही वाक्य लिहून घेतलंय. उरलेले सहा आता अर्थावरून शोधते.