कोलेंदांमधली पोलोनेझची लय

पोलिश-बाल्टिक नाताळ मैफल म्हणजे तासभर संथ, गंभीर गाणं, असं कुणीतरी म्हटलंय. मला हे अजिबात पटत नाही. पोलंडच्या कोलेंदांमध्ये (नाताळगीतांना तिकडे हेच नाव) कितीतरी नाचाच्या ठेक्यावर चालतात. 'बूग शे रोजी' घ्या. शब्द कवी फ्रान्चिशेक कार्पिन्स्कीचे, १७९२ सालचे, आणि चाल थेट पोलोनेझ या पोलिश नाचाची, तीन मात्रांची, दिमाखदार. अंगाई हवी तर 'लुलायझे येझुन्यू' आहेच. पोलिश संगीतकार शोपेनने पहिल्या स्केर्झोच्या (पियानोवरच्या वेगवान, जोशातल्या रचनेच्या) मधल्या भागात तिचीच चाल घेतलीय. आजूबाजूच्या वादळात ती ऐकताना गलबलून येतं.

आणि एस्टोनियाचा संगीतकार आर्वो पेर्त याचं 'बोगोरोदित्से द्येवो' हे मरियेचं स्तवन विसरू नका! १९९० साली केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या नाताळ प्रार्थनेसाठी लिहिलेलं, दोन मिनिटांच्या आत संपणारं. सुरुवातीला दबक्या आवाजात शब्द झपाझप येतात, मध्येच सगळा गायकवृंद मोकळ्या गळ्याने उसळतो. छोट्या वृंदाची खरी परीक्षा इथेच: व्यंजनं एकाच क्षणी पडली नाहीत तर सगळा गाळ होतो. माझं ऐकाल तर हे अंगाईच्या लगेच आधी ठेवावं.